क्वालालंपूरचे व्याही

सिंगापूरच्या विमानतळावर मी बाहेर आलो, तर आमची नात व्याह्यांच्या खांद्यावर. ते क्वालालंपूरचे, विमानाने तासाभरावर. चहा घेऊन निघाले आणि हात हलवत पोचले. त्यांच्या आधी पोचायचं म्हणून मी मुंबईहून पहाटेच निघालेलो. मांडीवर लाडवांचा डबा, समोरच्या पडद्यावर नकाशातलं इवलं विमान. साडेपाच तास मी ते मनातल्या मनात ढकलत होतो. जवळच्या माणसाला रिकाम्या हातांनी येता येतं, याचाच खरा हेवा वाटतो.

"आबा, नाना संध्याकाळी जाणार. तू कधी जाणार?" नातीने विचारलं.

"एवढ्या लांबून आलोय, महिनाभर हलत नाही!"

"तुमचं बरं आहे हो," व्याही म्हणाले. "आम्ही पडलो जवळचे. आम्हाला कोण राहा म्हणतंय?"

त्यांचा चेहरा पाहून मला वाईट वाटायला हवं होतं. मला मात्र गुदगुल्या झाल्या.