उभ्या रेघा लाल, तिरप्या हिरव्या

माझे काका ढाली बनवतात. लढाईच्या नव्हे, खिशावरच्या. शाळेच्या कोटावर, क्लबच्या टोपीवर किंवा पहारेकऱ्याच्या दंडावर जे भरतकाम केलेलं चिन्ह असतं, ते त्यांच्या मशीनवरून उतरतं. बहुतेक चिन्हं ढालीच्या आकाराची असतात, म्हणून सगळा बाजार त्यांना 'ढालवाले' म्हणतो.

घराची पुढची खोली हेच दुकान. रस्त्याकडच्या खिडकीपाशी मशीन, डाव्या भिंतीवर रिळांची फळी, मागच्या दारातून थेट स्वयंपाकघर. काका मशीन चालवतात. काकू रिळं लावते, उलट बाजूचे दोरे कापते आणि माल बांधण्याआधी एक-एक नग खिडकीत धरून बघते. लग्न झाल्यापासून हीच वाटणी आहे.

गिऱ्हाईक येतं तेव्हा अर्ध्या वेळा त्याला काय हवंय ते त्यालाच ठाऊक नसतं. काका आधी विचारतात, तुमची संस्था करते काय? मग एकेक रंग सुचवतात. लाल म्हणजे शौर्य. निळा म्हणजे निष्ठा. हिरवा आशेचा, पांढरा स्वच्छ हेतूचा, सोनेरी उदार मनाचा. काळ्याला लोक नाक मुरडतात, तर काका म्हणतात की ढालीवरचा काळा दुःखाचाच असतो असं नाही, तो न डगमगण्याचाही असतो. वर त्यांचा एक पक्का नियम आहे. गडद रंगावर गडद रंग घालायचा नाही, मध्ये पांढरा किंवा पिवळा हवाच. जुन्या काळी ढाल मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून ओळखू यावी लागे, तेव्हापासूनची ही शिस्त. एका बुद्धिबळ मंडळाला जांभळ्यावर काळा घोडा हवा होता. काकांनी त्यांना सांगितलं की करून देतो, पण घोडा रात्री सुटल्यासारखा दिसेल, शोधत बसावं लागेल. एका बेकरीवाल्याने सगळेच रंग मागितले, तेव्हा म्हणाले, "ही ढाल आहे, रंगपेटी नव्हे."

हे सगळं सांगणाऱ्या माणसाला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत.

जन्मापासूनच. त्यांच्या डोळ्यांना दोन्ही एकाच मातकट छटेचे वाटतात. शाळेत त्यांनी लाल पानांचं झाड काढलं होतं आणि मास्तरांनी चित्र वर्गभर फिरवून सगळ्यांना हसवलं होतं. तेव्हापासून त्यांनी या बाबतीत तोंडाला कुलूप लावलं. पुढे भरतकामाच्या कारखान्यात लागले, तिथे भिंतीवर ढालींचा एक जुना तक्ता टांगलेला होता, नुसत्या काळ्या शाईत छापलेला. छपाईत रंग नव्हते त्या काळात ढाली काढणाऱ्यांनी रंगांऐवजी रेघा ठरवून घेतल्या होत्या. उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, तिरप्या म्हणजे हिरवा. उभ्या-आडव्या एकमेकींना छेदल्या की काळा. ठिपके असले की सोनेरी, कोरं सोडलं की पांढरा. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दिवसभर दिसेल त्याला सांगत सुटलो होतो. रंग न वापरता रंग लिहायची इतकी साधी पद्धत आम्हाला कॉलेजात कुणी शिकवली नव्हती. काकांसाठी मात्र तो तक्ता म्हणजे पोटापाण्याची सोय होती.

लग्नानंतर त्यांनी काकूला सांगितलं, आणि फक्त काकूलाच. नवीन रीळ आलं की ती त्यावर चौकोनी कागद चिकटवते आणि पेनाने रेघा ओढते. गिऱ्हाइकांना वाटतं, ही दुकानाची काहीतरी खूण असावी. रंग न कळणाऱ्याकडे रंगाचं काम कोण देईल, ही काकांची भीती इतकी जुनी होती की घरात तिच्याबद्दल बोलणंही होत नसे.

गेल्या वर्षी अग्निशमन केंद्राचं काम आलं. केंद्रप्रमुखांना सगळे साहेब म्हणतात. काकांचा जुना परिचय, बोलणं तोंडावर. त्यांना काळ्यावर नारिंगी ज्वाळा हवी होती. काकांनी तासभर बसवून समजावलं आणि शेवटी ठरलं ते असं: पांढरी ढाल, मध्ये शौर्याची लाल ज्वाळा, खाली निष्ठेची निळी पाण्याची पट्टी, कडेने सोनेरी दोरा. भरती झालेल्या नव्या जवानांच्या गणवेशावर, त्यांच्या पहिल्या संचलनाला, हा बिल्ला लागणार होता.

त्याच आठवड्यात काकू ओल्या फरशीवर घसरली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. तरी नवीन रिळं आल्यावर तिने हट्टाने डाव्या हाताने रेघा ओढल्या. काका म्हणाले, राहू दे, मी विचारून घेईन. ती म्हणाली, गिऱ्हाइकासमोर विचारणार का? डाव्या हाताने ओढलेल्या तिच्या तिरप्या रेघा जवळजवळ उभ्या आल्या आणि उभ्या होत्या त्या कलल्या. तिचं दुखणं वाढलं म्हणून काकांनी तिला आत झोपवलं, माल स्वतःच बांधला आणि पोचताही केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब दुकानात आले. खुर्ची ओढून बसले आणि एक बिल्ला मशीनवर ठेवला. मी तेव्हा काकूची औषधं द्यायला आलो होतो. वाकून बिल्ला बघितला. पांढऱ्या ढालीवर हिरवीगार ज्वाळा, कोथिंबिरीच्या जुडीसारखी.

काकांनी बिल्ला उचलला. टाके बघितले, कडेचा सोनेरी दोरा नखाने ओढून बघितला, उलटा करून गाठी तपासल्या. त्यांना काहीच सापडेना.

"टाका सुटलाय का कुठे?" त्यांनी विचारलं.

साहेबांना ती थट्टा वाटली. "टाके झकास आहेत. पण हिरवा म्हणजे आशा ना, तुमच्याच हिशोबाने? म्हणजे पोरांनी आता आशेलाच आग लावायची का?"

काकांनी मान वर करून फळीवरच्या रिळांकडे बघितलं. काकू आतून उठून दारात आली होती. प्लास्टरचा हात छातीशी धरून तिने सांगितलं की रीळ तिने दिलं, चूक तिची आहे, हात मोडल्यामुळे लक्ष नव्हतं. साहेब लगेच नरमले. म्हणाले, असं होय, मग वहिनींना काय बोलायचं. तिथेच विषय संपला असता. काकूने तर चहाचं आधणही ठेवायला घेतलं.

काकांनी बिल्ला खाली ठेवला.

"तिची चूक नाही," ते म्हणाले. "मला लाल आणि हिरवा वेगळा दिसतच नाही. कधीच दिसला नाही. ती रेघा ओढून देते, त्यावर मी चालतो."

काकूने आधणाचं भांडं खाली ठेवलं. साहेब फळीकडे बघत राहिले. मग उठून त्यांनी एक रीळ काढलं, रेघांवर बोट फिरवलं, दुसरं काढलं. काकांनी कोणती रेघ कशाची ते सांगितलं. आवाज बारीक झाला होता, पण गिऱ्हाइकाला सांगतात तितकंच नीट सांगितलं.

"आणि मला तासभर शौर्य आणि निष्ठा शिकवलीत ती?"

"ती खरी आहे. ती दिसावी लागत नाही."

साहेब खुर्चीत परत बसले. धुरात त्यांच्या जवानांनाही काही दिसत नाही, म्हणाले, पाइपाची तोंडं हाताने चाचपूनच जोडतात, डोळ्यांवर विसंबला तो अडकला. मग लगेच व्यवहारावर आले. संचलन परवा आहे. ज्वाळा उसवून लाल भरून मिळेल का? आणि यापुढे माल ते इथेच उजेडात उघडून बघतील, त्यात काकांनी वाईट वाटून घ्यायचं नाही. काका म्हणाले, वाईट कसलं, उलट बरंच.

मी आणि काकूने मिळून ज्वाळा उसवल्या. तिने डाव्या हाताने, मी दोन्ही हातांनी, तरी तीच पुढे. काका लाल भरत गेले. प्रत्येक नवीन रीळ लावताना ते मोठ्याने विचारत, "लाल ना?" आणि काकू तितक्याच मोठ्याने "लाल" म्हणत असे, दार उघडं असूनही.

बाजारात बातमी पसरायला वेळ लागला नाही. साहेबांनीच ती सांगितली असावी, कारण सगळीकडे ती धुराच्या गोष्टीसकट पोचली. एका शाळेने काम काढून घेतलं. बाकीचे येत राहिले. बुद्धिबळवाल्यांनी तर, आमचा घोडा तरी दिसतो का, असं विचारून घेतलं.

काकूचा हात आता बरा आहे आणि रेघा पुन्हा सरळ आल्या आहेत. तरी काका विचारायचं थांबलेले नाहीत. ती घरात नसली की रीळ खिडकीत धरतात आणि रस्त्याने जो जाईल त्याला विचारतात. परवा पोस्टमन सायकलवरून न उतरताच "हिरवा" म्हणून ओरडला आणि पुढे गेला. काकांनी तिरप्या रेघा बघितल्या, मान हलवली आणि दोरा सुईत ओवला.