सिंकपुढचा गोल डाग

घरोघरच्या स्वयंपाकघरांतली विनाइलची जमीन मशीनने घासून देणं हा त्याचा धंदा. खाली गरगर फिरणारा ब्रश आणि वर लांब दांडा असलेलं ते मशीन खांद्यावर टाकून तो जिने चढायचा, म्हणून सगळे त्याला फिरकी म्हणत. बायकोसुद्धा चिडली की फिरकीच म्हणे. त्याला त्याचं काही वाटत नसे. कामाचा त्याला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर तो अभिमानही जरा सांडण्याइतका होता. आपण घासलेल्या जमिनीत बघून भांग पाडावा, असं तो ज्याला त्याला ऐकवी.

एकदा एका घरी तो गेला तेव्हा सून कामावर गेलेली होती आणि सासरे एकटेच होते. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेले गृहस्थ. हल्ली त्यांना विसरायला होई. ते त्यांनी दारातच सांगून टाकलं, म्हणजे नंतर ओशाळायला नको. "चहा मात्र येतो मला करता. तेवढं अजून शाबूत आहे," म्हणाले, आणि खरंच फक्कड चहा करून दिला.

मग ते दाराशी खुर्ची टाकून बसले. ऐकणारा मिळाल्यावर फिरकीची गाडी कोण अडवणार? ओट्यापुढची जमीन चिकट होती. ब्रशच्या जागी घासायचं मऊ पॅड लावलं तर वेळ लागला असता, म्हणून त्याने काळं खरखरीत पॅड लावलं आणि सिंकपाशी आल्यावर, एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हाताने हावभाव करत कुठल्याशा हॉटेलातला किस्सा रंगवायला घेतला. आजोबा पोट धरून हसले. मशीन तेवढा वेळ एकाच जागी फिरत राहिलं. जळका वास नाकात शिरला तेव्हा त्याने बटण बंद केलं. ताटलीएवढा तपकिरी, निस्तेज डाग पडला होता. आजोबा चष्मा पुसत होते. त्याने पायाने पायपुसणं सरकवून डागावर आणलं.

सून आली ती आधी खूश झाली. मग तिने पायपुसणं उचललं.

"बाबा, इथे गरम पातेलं ठेवलंत का?"

आजोबा वाकून बराच वेळ बघत राहिले. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"ठेवलं असेल," ते म्हणाले. "आठवत नाही मला. पण ठेवलं असेल मीच."

फिरकी मशीनची वायर गुंडाळत होता. तो गुंडाळतच राहिला. तुमच्या कामाला नावं ठेवत नाही हो, असं सून त्यालाच समजावत होती. त्याने मान हलवली आणि जिना उतरला.

घरी त्याने यातलं काही सांगितलं नाही. जेवण जाईना, तेव्हा पोट बिघडलंय म्हणाला. म्हाताऱ्या माणसाला कुठे लक्षात राहणार, अशी स्वतःची समजूत काढत राहिला. पण पुढे त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर काम निघालं, आणि तिथल्या बाई बोलता बोलता म्हणाल्या, वरच्या मास्तरांचं फार वाईट झालं. जमीन जाळून ठेवली म्हणे. आता सून बाहेर पडताना गॅस बंद करून स्वयंपाकघराला कुलूप लावते आणि त्यांच्यासाठी थर्मासमध्ये चहा भरून ठेवते.

काम उरकून तो वरच्या दारापर्यंत गेला. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बेलवर बोट ठेवायचं त्याला धाडस झालं नाही. तो तसाच खाली आला, आणि आपण दुसऱ्यांदा पळून आलोय हे त्याला रस्त्यावर आल्यावर उमगलं. त्या दिवशी बायकोपुढे त्याने सगळं ओकून टाकलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मला का सांगतोस? मला कोणी कुलूप लावलेलं नाही."

सुनेच्या सुट्टीच्या दिवशी तो गेला. उभ्याउभ्याच सांगितलं: पॅड चुकीचं होतं, लक्ष बोलण्यात होतं, पायपुसणंही मीच सरकवलं.

"त्यांनी मान खाली घातली तेव्हा तुम्ही समोर होतात," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "आणि मीही पुन्हा विचारलं नाही. मला धास्ती होतीच. कारण आयतं मिळालं."

आजोबा बाहेर आले. फिरकीला त्यांनी ओळखलं नाही. सुनेने त्यांना सगळं सावकाश सांगितलं, तेव्हा ते भिंतीला हात टेकून उभे राहिले.

"म्हणजे मी नव्हतो," ते म्हणाले. "मी रोज आठवून बघत होतो. कुठलं पातेलं, तेच सापडेना."

फिरकीला त्यापेक्षा थोबाडीत बसली असती तर बरं वाटलं असतं.

कुलूप निघालं. आता सून घरी असताना आजोबा चहा करतात आणि ती बाहेरच्या खोलीत बसून राहते. पूर्वीसारखं एकटं कोणी सोडत नाही. डागाचा भाग कापून फिरकीने नवा तुकडा बसवला. त्याची छटा जुळली नाही.

भांग पाडण्याची गोष्ट त्याने नंतर कुठे सांगितली नाही. आजोबा कधीमधी सुनेबरोबर रस्त्यात भेटतात. दर वेळी नव्याने विचारतात, काय करता आपण? तो सांगतो. ते मनापासून म्हणतात, छान, कष्टाचं काम आहे. सून दुसरीकडे बघते, आणि फिरकीला मान वर करवत नाही.