मांडीवरचा रोबो

भाचीच्या साखरपुड्यासाठी मी पांढरा शर्ट घालून रेवदंड्याहून रिक्षाने अलिबागला निघालो होतो. शेजारी बसलेल्या मुलीच्या मांडीवर स्पर्धेचा रोबो होता. चाकांना पट्टा लावायचा की चेन, हे तिला उतरण्याआधी ठरवायचं होतं. ओठ दाताखाली धरून ती दोन्ही पुन्हा पुन्हा ओढून बघत होती. मी पट्ट्याची बाजू घेतली: वजन कमी, आवाज कमी, तेल लागत नाही.

"काका, हिशोब बरोबर हाय," ती म्हणाली, "पण तुम्ही तो पांढऱ्या शर्टाकडे बघून मांडलाय. धक्का बसला की पट्टा चाकाच्या दातांवरून सटकतो. आणि आज तिथं नुसत्या टकरी हायत."

 तिने चेन चढवायला घेतली. दुसरं टोक धरायला कोणीतरी हवं होतं. मी बाह्या दुमडल्या.