रस्त्याकडची वीतभर जागा

पहाटेच्या बॅचला फिजिक्स शिकवायला मी पेंगतच घराबाहेर पडायचो. तेव्हा समोरच्या मावशी सडा टाकून रांगोळी काढत बसलेल्या असायच्या. लातुरातल्या आमच्या गल्लीत घरोघरी क्लासची मुलं भाड्याने राहत. मावशींच्या माडीवर मुली होत्या.

मावशींच्या रांगोळीत कमळ नाही, मोर नाही. नुसत्या रेघा, भेगा, ठिपके. एकदा विचारलं, तर मान वर न करता म्हणाल्या, "काल लई वारं सुटलं होतं न्हाई का? तेच हाय हे." मग मलाही ओळखू येऊ लागलं. ही मुंग्यांची रांग, ही तडकलेली तुरीची शेंग, हे टँकरखालचे ओघळ. एखादी मुलगी रडून गावी परत गेली, की दुसऱ्या दिवशी ठिपके लांब लांब पडायचे. दुपारपर्यंत सगळं चपलांखाली पुसलं जायचं.

भोवतीची चौकट मात्र रोज अर्धवट. रस्त्याकडे वीतभर जागा सुटलेली. मला वाटलं, बाईंची कंबर धरत असेल. एकदा त्या आत गेल्या, तेव्हा चिमूटभर रांगोळी घेऊन मीच ती रेघ जोडून टाकली.

त्या बाहेर आल्या. खाली बसून ओल्या बोटाने तेवढीच रेघ पुसली.

"बंद नका करू, सर. भूकंपाच्या वक्ताला आमच्या घराचं दार उघडलंच न्हाई."

मग माडीकडे बघून हळूच म्हणाल्या, "वर लोकांच्या लेकी निजल्यात."