इद्दतीतलं हवामान

आमचे मिस्टर थंडी पडायला लागली तेव्हा गेले. सकाळचा चहा घेऊन दुकानाचं शटर वर करायला गेले आणि तिथंच पायरीवर बसले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं.

अकोल्यात आमचं कूलरचं दुकान आहे. पत्रा कापायचा, वेल्डिंग करायचं, जुन्या कूलरची दुरुस्ती करायची, हे त्यांचं काम. पुढं दुकान, मागं घर आणि दोन्हींच्या मधे एक अरुंद दार. मी शाळेत मराठी शिकवत होते, ते जाण्याच्या आदल्याच वर्षी मी निवृत्त झाले. निवृत्तीनंतर जरा फिरू, असं आमचं बोलणं झालं होतं. ते तेवढंच राहिलं.

मग मी इद्दतीत बसले. नवरा गेल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस घरात राहायचं, नटायचं नाही, परक्या पुरुषांसमोर यायचं नाही. नड असली तर बाहेर पडता येतं, हे मला ठाऊक होतं. पण किराणा धाकटे दीर आणून देत, औषधं तेच आणत. मला नड उरलीच नाही. माझ्यावर कुणी बळजबरी केली नाही. कुणी विचारलंही नाही. मीसुद्धा स्वतःला विचारलं नाही, कारण त्या दिवसांत जायचं तरी कुठं होतं?

घरात दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागं उंच भिंतींचं अंगण. अंगणात उभं राहिलं की वर आभाळाचा चौकोन दिसतो. चार महिने माझ्या वाट्याला तेवढंच आभाळ होतं.

फोन मात्र रोज यायचे. अमरावतीहून मोठ्या बहिणीचा, मस्कतहून मुलाचा. दोघांनाही माझ्याशी काय बोलावं ते कळत नसे. मग ते हवामानावर बोलत.

"आमच्याकडं फार थंडी आहे," आपा म्हणायची. "तुमच्याकडं?"

"तशीच."

"तशीच कशी असेल? अकोला गरमच असतं."

अमरावती आमच्यापासून बसनं दोन-अडीच तासांवर. तरी आपाला तिकडची हवा वेगळीच वाटते. लग्न होऊन ती तिकडं गेली तेव्हापासून हा वाद चालू आहे. एरवी मी तो लढवला असता. आता 'हो' म्हणून सोडून देत होते.

मुलगा सांगायचा, मस्कतला एवढ्यात भलताच पाऊस झाला, रस्त्यांवर पाणी आलं, ऑफिसला सुट्टी दिली. व्हिडिओ पाठवायचा. वाळूच्या रंगाच्या डोंगरांमधून मातकट पाणी धावतंय, गाड्या अर्ध्या बुडाल्यात. मी पाहायची आणि म्हणायची, "सांभाळून राहा." तो म्हणायचा, "तूही." मी कशापासून सांभाळून राहायचं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

जानेवारी सरता सरताच ऊन चटके द्यायला लागलं. अकोल्याचं ऊन मला नवं नाही, पण ते होळीच्या आसपास यायचं. या वेळी मी रजई घडी करून ठेवली तेव्हा रमजानसुद्धा लागला नव्हता. दुपारी अंगणातल्या भिंतीला हात लावला तर भिंत तापलेली. शेजारच्या बाईंनी भिंतीपलीकडून हाक मारली. त्यांची शेती बार्शीटाकळीकडं आहे, राहायला त्या आमच्या बाजूला.

"भाभी, हरभरा करपून राहिला," त्या म्हणाल्या. "गहू तं पयलेच पिवळा पडला. दाना भरतच नाई."

त्याच संध्याकाळी आपाचा फोन. "आमच्याकडं गारा पडल्या. अंगण पांढरं झालं होतं. वरुडकडं तर संत्र्याचा सगळा बहर झडला म्हणतात. तुमच्याकडं?"

"आमच्याकडं ऊन."

"असं कसं? एवढ्याशा अंतरात?"

पुढचे आठ दिवस ती रोज विचारत राहिली. गारा, ढग, वारा, पुन्हा ऊन. एका संध्याकाळी मी म्हणाले, "आपा, मला धड आभाळही दिसत नाही. मला नको सांगूस. तुला त्यांच्याबद्दल काही बोलायचं असेल तर बोल, नाहीतर फोन ठेव."

मग खरंच तिनं फोन ठेवला. नंतर बरेच दिवस तिचा फोन आला नाही. घर आणखीच लहान झालं.

रमजान लागला. पहिल्याच आठवड्यात एका दुपारी गल्लीतल्या दारावर थाप पडली. "मिस्त्रीभाई हैं?"

आवाज ओळखीचा होता. हा काश्मिरी शालवाला दर हिवाळ्यात अकोल्यात येतो. गाठोडं खांद्यावर घेऊन गल्ल्या फिरतो आणि परत जाण्याआधी आमच्या दुकानात हमखास टेकतो. तो आत आला नाही, मी बाहेर गेले नाही. दार बोटभर उघडून मी ते गेल्याचं सांगितलं.

गाठोडं पायरीवर ठेवल्याचा आवाज आला. मग तो हळूच दुआ पुटपुटला.

"इस बार माल बिका नहीं," थोड्या वेळानं तो म्हणाला. "ठंड टिकी ही नहीं तो शाल कौन लेगा. जल्दी जा रहा हूँ." मग म्हणाला, त्याच्या गावीही या वेळी बर्फ जवळजवळ पडलंच नाही. बदामाची झाडं अवेळी फुलायला आलीत. लोकांना फुलं पाहून आनंद होत नाही, उन्हाळ्यात पाणी कुठून येणार याची काळजी लागलीय.

मी दाराआड ऐकत होते. मनात आलं, आता हाही हवामानच सांगून जाणार.

पण तो हसला. "मिस्त्रीभाई हर साल बोलते थे, तू अकोला में शाल बेचता है, मैं कश्मीर आके कूलर बेचूँगा. देखते हैं कौन पहले भूखा मरता है."

मला हे माहीत नव्हतं. दाराच्या पलीकडं, दुकानात, ते असं बोलत असत हे मला माहीत नव्हतं. घरात ते कमी बोलायचे. मला हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग रडू. ते गेल्यापासून मी लोकांसमोर रडले होते, लोकांनी रडवलं म्हणून रडले होते. हे रडणं निराळं होतं. तो पायरीवर बसून राहिला. माझं रडणं थांबल्यावर सलाम करून, गाठोडं उचलून गेला.

एव्हाना दुकानाच्या शटरवर लोक थापा मारायला लागले होते. गेल्या हंगामाच्या शेवटी दुरुस्तीला टाकलेले कूलर आत पडून होते. एरवी मार्चअखेरीपर्यंत कुणी फिरकत नसे. दिरांनी शटरवर कागद चिकटवला, 'दुकान बंद आहे'. तरी थापा पडायच्या. मी आत बसून त्या ऐकायची. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "दुकान विकून टाक, अम्मी. इकडं ये. इथं प्रत्येक खोलीत एसी आहे."

"आणि त्या खोलीत मी काय करू?"

"विचार कर," म्हणून त्यानं फोन ठेवला.

मग एका दुपारी शेजारच्या बाई घाबऱ्याघुबऱ्या आल्या. त्यांची सासू टिनाच्या खोलीत झोपते, म्हातारीचा जीव घाबरा व्हायला लागला होता. "आमचा कूलर तुमच्या दुकानातच हाये, भाभी. बुढी तयमयून राहिली. काहीतरी करा."

शटरची किल्ली दिरांकडं. त्यांना फोन लावला तर ते कामासाठी बाहेरगावी, संध्याकाळपर्यंत यायचे नाहीत. मी मधल्या दाराजवळ गेले. ते गेल्यापासून मी त्या दाराची कडी काढली नव्हती. शेजारीण मागं उभी होती, म्हणून मला थांबता आलं नाही. कडी काढली.

आत अंधार. जळलेल्या लोखंडाचा आणि कूलरच्या गवताचा वास तसाच होता. त्यांच्या चपला शटरजवळ जोडून ठेवलेल्या. मी तिकडं पाहिलं आणि नजर काढली. दिवा लावला. शेजारणीनं आपला कूलर ओळखला, निळा, मोठ्या टाकीचा. त्याच्या बाजूच्या जाळीच्या ताट्यांमधलं गवत काळं पडून झडलेलं होतं. माळ्यावर नवं गवत होतं. आम्ही दोघींनी ते जाळीत भरलं, तारेनं आवळलं, टाकीत बादल्यांनी पाणी ओतलं. मोटार चालू झाली. पाणी चढलं. शेजारीण म्हणाली, "चाला, उचला."

उचलला. दारात अडकला.

आडवा केला, उभा केला, टाकी रिकामी केली, ताट्या काढल्या. तरी तो त्या दारातून निघेना. निघणार कसा? त्यांचा प्रत्येक कूलर शटरमधूनच बाहेर गेला होता. मला रोजा होता, घशाला कोरड पडलेली. शेजारीण घामानं भिजली होती. दोघी कूलरच्या दोन बाजूंना, ती दुकानात, मी घरात, आणि मधे दार गच्च बंद झालेलं.

"आता मी बी तुमच्यासारखीच अडकली," ती म्हणाली.

कसाबसा आम्ही तो परत दुकानात ढकलला. ती कपाळ पुसत म्हणाली, "कूलर बुढीकडं जात नाई, तं बुढी कूलरकडं आणतो."

आणि तिनं तसंच केलं. ताट्या पुन्हा बसवून, पाणी भरून कूलर दाराकडं तोंड करून दुकानात ठेवला, त्याला मागून शटरच्या वरच्या जाळीतली हवा मिळत होती. माझ्या खोलीत दारासमोर खाट टाकली. शेजारीण सासूला धरून, टेकत टेकत घेऊन आली. म्हातारी खाटेवर आडवी झाली, तोंडावर गार वारा आला आणि तिनं डोळे मिटले.

संध्याकाळी दीर आले, शटर उघडून कूलर पोचवतो म्हणाले. म्हातारी म्हणाली, "राहू दे. इथंच बरं वाटते. घरी कोणी बोलत नाई."

त्यानंतर ती रोज दुपारी यायची. सुनेचा हात धरून यायची, ऊन कललं की जायची. पहिल्या दिवशी सुनेनं पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला. म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं. "तू उपाशी, अन् मी तुह्यासमोर पेऊ?"

"प्या. माझा रोजा तुमच्या पाण्यानं सुटत नाही."

प्यायली. मग छताकडं पाहत म्हणाली, "तुहा नवरा लय चिकट होता. माह्या कूलरच्या पाच रुपयासाठी माह्या पोरासंगं भांडला होता."

ते गेल्यावर कुणी त्यांच्याबद्दल वाईट बोललं नव्हतं. सगळे म्हणायचे, नेक माणूस, भला माणूस. ऐकता ऐकता ते कुणी परकेच वाटायला लागले होते. म्हातारीच्या त्या एका शब्दानं माझ्यासमोर चष्मा कपाळावर चढवून हिशेब करणारा माणूस उभा राहिला.

"चिकट होतेच," मी म्हणाले. "मलाही भाजीवाल्याशी भांडायला पाठवायचे."

"मग?"

मी सांगत गेले. ते झोपेत घोरायचे. चहात साखर जास्त झाली तर तोंड वाकडं करायचे, पण पिऊन टाकायचे. माझ्या शाळेच्या सहलीला एकदा गुपचूप मागून आले होते, सेमाडोहच्या जंगलापर्यंत, आणि झाडाखाली उभे राहून लाजले होते. म्हातारी कधी ऐकायची, कधी झोपून जायची. झोपली तरी मी थोडा वेळ बोलत राहायची.

रमजानच्या शेवटच्या दिवसांत मी आपाला स्वतः फोन लावला. ती घाईघाईनं म्हणाली, "कशी आहेस?" आणि पुढं थबकली.

"तुमच्याकडं हवा कशी आहे?" मी विचारलं.

ती म्हणाली, "गारांनी मागचं टिन फुटलंय, अजून बदललं नाही." मग म्हणाली, "तुझे मिस्टर असते तर येऊन बदलून गेले असते. मला दुसऱ्या कुणाला सांगावंसंच वाटत नाही." त्यावर आम्ही दोघी बोललो, खूप वेळ.

इद्दत संपली तेव्हा ती मला न्यायला आली. संध्याकाळी मला बाहेर घेऊन निघाली. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. रस्ता फार रुंद वाटला, मोटारसायकली अंगावर येताहेत असं झालं. मी म्हणाले, "चल परत." आपानं आग्रह केला नाही. दार लावून घेतल्यावर मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची भीतीही वाटली.

अमरावतीला मी गेले नाही. आपा एकटीच परतली. मस्कतचंही पुढं ढकललं. दुकानाची किल्ली दिरांकडून मागून घेतली. शटर वर करायला अजून हात धजत नव्हता.

आपा गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी डोक्यावरून पदर घेतला आणि एकटी निघाले. फार लांब नाही, शेजारी. तेवढ्यातही ऊन चपलेतून वर आलं. आपा आल्यापासून म्हातारी आमच्याकडं आली नव्हती; ओसरीत खाटेवर होती. मला दारात उभं पाहून तिनं मान वर केली.

"काहून आली एवढ्या उनात?"

"सहज."

तिनं पाय आखडून खाटेवर जागा केली. "बस," म्हणाली. "पाणी पे."