साडूंचा धंदेवार लेखनवर्ग

पृथ्वीच्या पाठीवर जितकी माणसे लिहितात ती सगळी चुकीचे लिहितात, असे छातीठोकपणे मानणारे आणि तरीही ज्यांचे कुणाशी कधी वाकडे आले नाही असे एकच गृहस्थ माझ्या पाहण्यात आले, आणि ते नेमके माझे साडू निघाले. ते पुण्याच्या एका कॉलेजात प्राध्यापक. माझी वकिली भोरच्या कोर्टात. मेच्या सुटीत ते आणि अक्का, म्हणजे माझ्या पत्नीची थोरली बहीण, ट्रंका वळकट्या घेऊन आमच्याकडे उतरत ते जूनमध्ये कॉलेज उघडेपर्यंत. इतके दिवस मुक्काम ठोकणाऱ्या पाहुण्याचा कोणत्याही घराला कंटाळा यायचा. आमच्या घराला कंटाळायला सवडच मिळाली नाही, कारण साडू आले की आम्ही सगळे त्यांच्या शाळेत बसलेले असू.

त्यांची सगळी विद्या एका प्रश्नात मावत असे. तो प्रश्न म्हणजे "कोणी?" कोणतेही वाक्य दिसले की ते काम करणारा माणूस त्यात आहे की पळून गेला आहे, हे ते आधी पाहत. एकदा पुण्याहून येताना सर्व्हिस मोटार नसरापूरला थांबली. समोरच्या हॉटेलावर पाटी होती, 'येथे उत्तम चहा मिळेल.' साडू खाली उतरून हॉटेलवाल्याला विचारू लागले, "मिळेल म्हणजे? कोण देणार?" तो बिचारा इकडे तिकडे पाहत म्हणाला, "म्या देनार की! दुसरं कोन हाय हितं?" "मग तसं लिहा ना!" इकडे ड्रायव्हर भोंगा वाजवून थकला, उतारू शिव्या देऊ लागले, साडू आपले हॉटेलवाल्याला वाक्यरचना समजावून देत उभे. पुढच्या वर्षी आम्ही तिथून गेलो तेव्हा नवी पाटी लागली होती, 'हितं चा म्या देतो.' साडूंना इतका आनंद झाला की चहा वर्ज्य असलेला हा माणूस लागोपाठ चहा पीत सुटला आणि मोटारीतल्या सर्वांना आग्रह करकरून पाजू लागला. चहा भिकार होता, हे मात्र त्यांच्या लक्षातही आले नाही.

घरातही तेच. अक्का म्हणाली, "अगं बाई, दूध उतू गेलं!" की हे पुस्तकातून मान वर करून विचारणार, "गेलं, की कुणी जाऊ दिलं?" एके दिवशी अक्का ओल्या हातानेच बाहेर आली आणि म्हणाली, "तुम्ही दारात उभं राहून मला प्रश्न विचारत होतात, म्हणून मी दूध उतू जाऊ दिलं." साडू प्रसन्न झाले. "बघा वकील," ते मला म्हणाले, "कर्ता आला, कारण आलं, वाक्य पुरं झालं. हिला मी काही शिकवलेलं नाही बरं का, हे हिचं हिनं मिळवलंय." त्या दिवशी आम्हाला दुधावाचून चहा मिळाला.

पण हा माणूस नुसता चुका काढत हिंडणारा नव्हता. त्यांच्या मनात एक मोठी योजना होती. विद्यापीठात वैद्यक शिकणारा, कायदा शिकणारा, इंजिनियर होऊ पाहणारा आणि शेतकीचा विद्यार्थी, यांना लिहायला म्हणून जे शिकवतात ते सगळे एकच. सगळ्यांनी चांदण्या रात्रीवर निबंध लिहायचा. साडू संतापाने लाल होत. "अहो, ज्याला पुढे पूल बांधायचेत त्याला चांदणं कसलं विचारता? डॉक्टरचं लिहिणं वाचणारा घाईत असतो. वकिलाचं वाचणारा संशयात असतो. इंजिनियरचं वाचणारा उन्हात उभा असतो. आणि शेतकी खात्याचं लिहिणं वाचणारा मुळात असतोच कुठे?" म्हणून प्रत्येक शाखेला तिचा स्वतंत्र लेखनवर्ग हवा, आणि तो विद्यापीठाने रीतसर अभ्यासक्रमात घ्यावा, एवढे त्यांचे मागणे. त्यासाठी ते इस्पितळात बसून रोग्यांची टाचणे वाचत, धरणाच्या कामावर भर दुपारी छत्री घेऊन उभे राहत, आणि शेतकी कॉलेजच्या रानात एकदा चिखलात असे रुतले की त्यांना काढायला बैल जुंपावे लागले म्हणतात. या एका ध्यासापायी त्यांनी प्रिन्सिपॉलची चालून आलेली खुर्ची नाकारली होती. अक्का एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "वकीलसाहेब, यांना दुसरं काही नको आहे हो. हे एवढं एक होऊ दे, मग मी देवापाशी काही मागायची नाही."

बऱ्याच खटपटीनंतर विद्यापीठाची समिती एवढ्यावर आली, की प्राध्यापकांनी एक वर्ग नमुन्यादाखल चालवून दाखवावा. समितीतले एक वजनदार, वयस्क सभासद मेअखेर महाबळेश्वरला जाणार होते. ते वाट थोडी वाकडी करून भोरला येतील, वर्ग पाहतील, आणि त्यांच्या मतावर योजनेचे भवितव्य ठरेल. विद्यापीठाचा कारभार इंग्रजीत. पण जो मराठीत कर्ता लपवतो तो इंग्रजीतही लपवतोच, असे म्हणून साडूंनी तालीम मराठीत घ्यायचे ठरवले आणि आमच्या ओसरीवर महिनाभर आधीपासून वर्ग सुरू केला.

विद्यार्थी आम्ही चौघे. कायद्याचा मी. माझ्या दाव्यातला वादी पहिल्या ओळीत घरातून निघे आणि त्याला क्रियापद भेटेपर्यंत तिसरे पान उजाडे. वैद्यकासाठी गावातले एक डॉक्टर. त्यांनी पहिल्याच दिवशी 'प्रकृतीस उतार न पडता रोगी दगावला' असे लिहिले, आणि साडूंनी "उतार कोणी पाडायचा होता?" असे विचारल्यावर ते रागावून काही दिवस आलेच नाहीत. कचेरीच्या लेखनासाठी भोर संस्थानच्या दरबारचे एक म्हातारे शिरस्तेदार. आणि शेतीसाठी उत्रोलीचे पाटील. पाटील आपण होऊन आले होते. शेतकी खात्याच्या एका पत्रकात 'भातास खत द्यावे' असे वाचून ते माझ्याकडे विचारायला आले, "वकीलसायेब, ह्ये कोनी द्यावं, आन कुठनं द्यावं, त्ये काय ह्यात न्हाई." साडूंनी हे ऐकले मात्र, ते अंगावर उपरणेही न घेता धावत बाहेर आले आणि पाटलांचा हात धरून त्यांना पाटावर बसवले. भाताची रोपे करण्याआधी जमिनीवर पालापाचोळा जाळतात, त्याला आमच्याकडे राब भाजणे म्हणतात. तो कसा भाजावा हे वेल्ह्याकडच्या आपल्या व्याह्यांना नीट लिहून कळवायचे, एवढीच पाटलांची इच्छा होती.

सगळ्यात अवघड विद्यार्थी शिरस्तेदार. त्यांची मोडी एकदा कागदावर उतरली की कागद संपेपर्यंत बोरू उचलला जात नसे, आणि पूर्णविराम म्हणून त्यांनी हयातीत दिला नव्हता. साडूंनी खूप सांगून पाहिले. शेवटी शिरस्तेदार हात जोडून म्हणाले, "प्रोफेसर, प्रकरण चालू असता पूर्णविराम देणं म्हणजे निकाल देणं. तो अधिकार वरच्यांचा. मी आपलं 'सबब', 'तरी', 'त्यास' असं करीत पुढे सरकावं." साडू या उत्तरावर दिवसभर खूश होते. येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, "या माणसाला कारण माहीत आहे. ज्याला कारण माहीत आहे त्याला मी चूक म्हणणार नाही." मला हे शिकवणे आहे की लाड आहेत, हे कळेना. पण म्हातारा शिरस्तेदार त्या दिवसापासून सगळ्यांच्या आधी येऊन बसू लागला, हे खरे.

पाहुणे आले. रेशीमकाठी उपरणे, हातात चांदीच्या मुठीची काठी, चेहऱ्यावर पुष्कळ अध्यक्षपदे भूषविल्याचे तेज. साडूंनी आम्हाला एक कल्पित प्रसंग दिला: वाटेत दगड होता, वऱ्हाडाची गाडी उलटली, नवऱ्या मुलाच्या मामाचा हात मोडला. हाच प्रसंग प्रत्येकाने आपापल्या वाचणाऱ्यासाठी लिहायचा. डॉक्टरांनी पुण्याच्या सर्जनसाठी चार ओळी लिहिल्या. कोणते हाड, कधी मोडले, आणि 'हात मी बांधला' असे स्वच्छ. मी कोर्टासाठी एका पानात आटोपले, हे माझ्या अशिलांना सांगितले असते तर त्यांनी वकील बदलला असता. पाटलांनी गाडीवानांसाठी लिहिले होते, ते उभे राहून खड्या आवाजात वाचले: "गाडीवान निजला हुता, म्हनून गाडी उलाटली. दगूड आपल्या जागंवर हुता." पाहुणे पोट धरून हसले. त्यांनी पन्ह्याचा दुसरा पेला मागून घेतला. दाराआड अक्काने डोळ्यांना पदर लावलेला मला दिसला.

मग शिरस्तेदारांचा कागद. दोन ताव, एक वाक्य. पण काय वाक्य! गाडी कोणी हाकली, दगड कोणी पाहिला, मामाला कोणी उचलले, सगळे कर्ते आपापल्या जागी हजर. आणि शेवटी पुन्हा पूर्णविराम नाहीच. पाहुण्यांनी काठीने कागद टोकरून विचारले, "हे थांबत का नाही?" शिरस्तेदार उठून म्हणाले, "महाराज, या वर्गाचं प्रकरण अजून आपल्यापाशी चालू आहे. आपण निकाल सांगा, मी आत्ता इथं विराम देतो." आणि बोरू शाईत बुडवून ते खरोखरच वाट पाहत उभे राहिले.

पाहुणे खाकरले. असा सवाल समोरून येण्याची त्यांना सवय नसावी. ते म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे. योग्य वेळी या गोष्टीचा विचार करण्यात येईल."

"कोन करनार, सायेब?" पाटील म्हणाले.

त्यात उर्मटपणा नव्हता. महिनाभराची सवय, दुसरे काही नाही. पण डॉक्टरांनाही तीच सवय लागली होती. "आणि योग्य वेळ म्हणजे केव्हा?" ते म्हणाले. मीही तोंड उघडणार होतो. पत्नीने आतून खुणावले म्हणून गप्प बसलो. पाहुण्यांचा चेहरा उतरला, मग चढला. त्यांनी काठी उचलली आणि साडूंकडे वळून विचारले, "प्रोफेसर, हे आपण शिकवलंत?"

अक्का दारात येऊन उभी राहिली होती. माणसे साधी आहेत, बोलण्याची रीत नाही, क्षमा असावी, एवढे म्हटले असते तरी भागले असते. आम्ही कुणी राग मानला नसता. साडूंनी आमच्या चौघांच्या तोंडांकडे एकवार पाहिले. इतका सुखी चेहरा मी त्यांच्या षष्ट्यब्दीलाही पाहिला नाही.

"हो," ते म्हणाले, "मी शिकवलं. आणि यांना ते इतकं चांगलं येईल असं मला वाटलं नव्हतं."

पाहुणे पन्हे तसेच टाकून मोटारीत बसले. त्या दिवशी जेवताना अक्का नवऱ्याशी एक अक्षर बोलली नाही. पण त्यांच्या पानातला आमरस संपू दिला नाही, हेही मी पाहिले.

जून उलटल्यावर समितीचे उत्तर आले. योजना नामंजूर करण्यात आली होती. मी पुण्याला गेलो तेव्हा साडू ते उत्तर विनोदाने वाचून दाखवत होते, येणारा प्रत्येक जण हसत होता. संध्याकाळी आम्ही दोघेच फिरायला निघालो. मी विचारले, "वाईट वाटलं का?" ते म्हणाले, "वाटलं." काही पावले चालून गेल्यावर ते थांबले आणि आपणच आपली दुरुस्ती केली, "मला वाटलं. मला फार वाईट वाटलं, वकील." मला त्यांच्याकडे पाहवले नाही.

पुढच्या मेमध्ये मोटारीतून ट्रंका उतरल्या, वळकट्या उतरल्या आणि मागोमाग एक नवाकोरा फळा उतरला. मी म्हटले, "आता कशाला? आता कोण बघायला येणार आहे?" साडू म्हणाले, "बघायला कुणी नाही. लिहायला पाटील येतील ना!" पाटील तर आलेच, कामथडीचे त्यांचे मेहुणे आले, डॉक्टरांचे कंपाउंडर आले, शिरस्तेदारांनी कचेरीतले दोन कारकून आणले. वर्ग ओसरी सोडून अंगणातल्या मांडवात गेला. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, मोटारी कधी येत, कधी येत नसत. एका वर्षी साडू अर्धी वाट बैलगाडीत बसून आले आणि येता येता त्यांनी गाडीवानाला त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका लिहून दिली. वर्ग चुकला नाही.

मग ते चैत्रात गेले. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी पहाटे सगळे आटोपले. मी पुण्याला गेलो, दिवस उरकून अक्काला घेऊन परत आलो. गावात सगळ्यांना कळले होते. वर्गाला येणाऱ्या मंडळींना वेगळे काही सांगायचे असते, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. वर्गाच्या ठरल्या दिवशी दुपारी मी कोर्टातून आलो, तर सगळे येऊन बसलेले. कुणी बोलावले नव्हते. अक्काने आतून प्रत्येकाला पन्हे पाठवले होते आणि ते जो तो हातात धरून बसला होता. मी त्यांच्यात जाऊन बसलो. पाटील म्हणाले, "वकीलसायेब, लिवायला आमाला आता येतंया. पर चुकलं तर मास्तरांवानी आनंदानं कोन सांगनार?"

समितीने योजना नाकारली याचे साडूंना वाईट वाटले होते, आणि त्यांच्यासाठी मलाही. पण त्या दुपारी त्या माणसांत बसलो असताना माझ्या मनात आले ते मी खरे तेच सांगतो. विद्यापीठाने होकार दिला असता, तर साडू मेच्या सुटीतही पुण्यातच अडकले असते, चार कॉलेजांत मोठमोठे वर्ग घेत. आमच्या अंगणात ते इतकी वर्षे आले नसते. ते हरले आणि आम्हाला मिळाले. हे त्यांना कधी सांगायला हवे होते, राहून गेले.