नाव घेणं

या लेखात कुणाचंही नाव येणार नाही. संकोच म्हणून नव्हे, अनुभव म्हणून. आमच्या घरातल्या बहुतेकांची नावं कधी ना कधी कुणाच्या तरी खात्याचा पासवर्ड होऊन गेलेली आहेत. काकूनं तर गोठ्यातल्या बैलाचं नाव ठेवलं होतं, आणि तेच नाव ती रोज सकाळी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची. मी जालन्यात एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. दिवसभर पोरांना पासवर्ड कसा असावा ते सांगते, आणि घरी आले की डोक्याला हात लावून बसते.

घर टेंभुर्णीला आहे. आई आणि काकू, दोघी जावा, उन्हाळाभर गच्चीवर वाळवणं घालतात. कुरडया, पापड, सांडगे, खारोड्या. आधी नातेवाइकांपुरतं होतं. मग नातेवाइकांच्या शेजाऱ्यांना हवं झालं, मग त्या शेजाऱ्यांच्या बदलीच्या गावांना. शेवटी मीच म्हटलं, एक वेबसाइट काढू, लोक तिथं मागणी नोंदवतील. त्यासाठी डोमेन घ्यायचं, म्हणजे इंटरनेटवर आपल्या दुकानाच्या पाटीचं नाव नोंदवायचं, एवढं मी आईला समजावून सांगितलं. "सांग, काय नाव ठेवू?"

आईनं आधी हातातला पापड लाटून संपवला. मग तिनं आपलं माहेरचं नाव सांगितलं.

हे नाव मी आयुष्यात जेमतेम ऐकलं होतं, तेही मामाच्या तोंडून, हसनाबादला गेल्यावर. लग्नात आईचं नाव बदललं, कारण दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, थोरल्या बहिणीचं नेमकं तेच नाव होतं. एका हाकेला दोघी उठतील म्हणून मांडवातच निकाल लागला. ताटातल्या तांदळावर दादांनी अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि आई त्या नावाची झाली. त्या नव्या नावानंही दादांनी तिला कधी हाक मारली नाही, ही गोष्ट वेगळी. ते 'अवं' म्हणतात आणि ती 'ऐकलं का' म्हणते. यावर त्यांचा संसार उत्तम चाललेला आहे.

मी ते नाव, पुढं वाळवण हा शब्द जोडून, रकान्यात टाकलं. खाली हिरव्या अक्षरांत आलं, नाव उपलब्ध आहे. मी आईला वाचून दाखवलं.

"उपलब्ध म्हंजे?"

"म्हणजे रिकामं आहे. कुणी घेतलेलं नाही."

"घेतलं न्हाई कसं? माझंच हाय ते," आई म्हणाली. "मीच वापरलं न्हाई इतके वर्सं."

मला तेव्हा हसू आलं होतं. आता ते आठवलं की येत नाही.

दोन उन्हाळे झकास गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात, ऐन कुरडयांच्या दिवसांत, मामाचा आईला फोन आला. "ताई, तुझ्या नावावर लोकं पत्ते खेळून राह्यलेत." त्याला वाटलं ताईनं नवा धंदा काढला. वेबसाइट उघडली की कुरडयांच्या जागी जुगाराचं पान येत होतं. लाल-काळे पत्ते, नाचणारी नाणी, आणि वर ठळक अक्षरांत आईचं माहेरचं नाव.

आईनं मला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती, ती चिडलेली होती. माझ्यासारखीच आहे ती, किंवा मी तिच्यासारखी. "माझ्या बापानं ठेवलेलं नाव हाय ते. त्याच्यावर जुगार? जल्दी ये." कॉलेजात रजा टाकून मी निघाले, कारण असलं खातं परत मिळवायचं तर नेहमीच्या फोनवरूनच खटपट करावी लागते, आणि तो फोन टेंभुर्णीला होता.

प्रकार असा होता. चोर आधी आईच्या ईमेलमध्ये शिरला, तिथून डोमेनच्या खात्यात. पाटी बदलून तो थांबला नव्हता. डोमेन दुसऱ्या कंपनीकडे, स्वतःच्या नावावर हलवायला त्यानं अर्ज टाकलेला होता. तो पार पडायच्या आत आम्ही ईमेल ताब्यात घेऊन नकार कळवला नसता, तर ते नाव कायमचं गेलं असतं. मग भांडायचं कुणाशी, तर चेहरा नसलेल्या माणसाशी. आईला मी हे सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "म्हंजे मंग ते नाव मला पुन्हा लावताच येनार न्हाई?" मी हो म्हटलं. तिनं पदरानं हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

ईमेल परत मागायला गेलं की फोन विचारतो, तुम्हाला आठवणारा जुना पासवर्ड टाका.

"काय ठेवला होतास?"

आई जमिनीकडं बघत म्हणाली, "तुझ्या दादायचं नाव."

माझा पाराच चढला. "आई! कुणाचंही नाव ठेवू नको म्हणून किती वेळा सांगितलं तुला?"

"अगं, पन मी तर त्यायचं नाव जल्मात कुनापुढं घेतलं न्हाई. मंग त्या चोराला कसं कळलं?"

ती खरंच विचारत होती. तिच्या लेखी जगातला सगळ्यात गुपित शब्द तोच होता, कारण तो तिच्या तोंडून कधी बाहेर पडलेलाच नव्हता. तेच नाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या फळीवर लाल रंगात रंगवलेलं आहे, विजेच्या बिलावर आहे, आणि वेबसाइटच्या तळाशी संपर्क म्हणून मीच छापलेलं आहे, हे तिच्या हिशेबात नव्हतं. "आई," मी ओरडले, "अख्ख्या टेंभुर्णीत ते नाव न घेणारी तू एकटीच हाएस!" आणि ओरडता ओरडता मला तिची इतकी माया आली की पुढचं बोलणं तसंच राहिलं.

मी दादांचं नाव टाकलं. चूक. स्पेलिंग बदलून टाकलं. चूक. फोननं बजावलं की आता फार वेळा चुकू नका.

"आई, जसं टाकलं होतंस तसंच मला बोलून दाखव."

"मी न्हाई घेनार."

"मग तू टाक."

तिनं फोन हातात घेतला, पण माझ्या आरडाओरड्यानं ती गोंधळली होती. एक अक्षर टाकायची, पुसायची. दादा खाटेवर बसून हे सगळं बघत होते. हातात अर्धी सोललेली मोसंबी तशीच होती. "घे की," ते म्हणाले. "लग्नात घेतल्तं ना?"

"तव्हा उखान्यात घेतल्तं."

"मंग आताबी उखान्यात घ्या, बाई," काकू दारातून म्हणाली. तिचे हात कुरडयांच्या चिकानं भरलेले होते आणि डोळे चमकत होते. "तिकडं तुमचं नाव जाऊन राह्यलं अन् इकडं तुमी लाजून राह्यल्या!"

आईनं डोक्यावर पदर घेतला. भिंतीकडं तोंड केलं. आणि एका दमात म्हणाली,

"चीक शिजला कुरडईचा, ऊन चढलं फार,
…रावांचं नाव घेते, मोबाइला, उघड दार."

काकूनं चिकाच्या हातांनीच टाळी वाजवली. दादा म्हणाले, "पुन्हा म्हन, पोरीला नीट आयकू न्हाई आलं." पण माझं लक्ष एकाच शब्दावर अडकलं होतं. राव! मी नुसतंच नाव टाकत होते.

"तू पासवर्डमध्येसुद्धा राव लावलंस?"

"मंग?" आई भिंतीकडं बघतच म्हणाली. "मोबाइलमधी कुनी पाहत न्हाई म्हनून काय अरे-तुरे करायचं?"

राव लावलं आणि जुना पासवर्ड बरोबर निघाला; चोराला जे सुचलं ते मला सुचलं नव्हतं. नंतरचे सोपस्कार करत करत ईमेल हाती आलं. त्यात डोमेन कंपनीचं पत्र अजून पडून होतं. तुम्ही डोमेन हलवत आहात, तुमची संमती नसेल तर इथं कळवा. मी आईचंच बोट धरून त्या बटणावर ठेवलं. मग डोमेनच्या खात्याचा पासवर्ड बदलला, डोमेनला कुलूप घातलं, जुगाराचं पान काढलं. संध्याकाळपर्यंत कुरडया आपल्या जागी आल्या. आईनं मामाला फोन करून सांगितलं, "आता बघ. बराबर दिसून राह्यलं का?" आणि त्यानं नाव वाचून दाखवेपर्यंत फोन ठेवला नाही.

नंतर मी व्याख्यान दिलं. नाव नको, बैल नको, गाव नको. पासवर्ड लांब, आणि प्रत्येक खात्याला वेगळा. शिवाय दुसरं कुलूपही लावलं. खात्यात नव्यानं शिरायचं तर एक आकडा लागेल, आणि तो दादांच्या फोनवर येईल, कारण दादांचा फोन कायम त्यांच्या खिशात असतो आणि आईचा कधी पिठाच्या डब्यावर असतो तर कधी डब्यात. दादांना मी जरा दरडावूनच सांगितलं, "हा आकडा कुणालाही द्यायचा नाही. समोरचा कितीबी ओळखीचा वाटो. आधी कोण आहे ते नीट विचारायचं."

"बिलकुल," दादा म्हणाले. माझं कुणी इतकं निमूट ऐकलं, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पुढं एका रविवारी मी घरीच होते. आईनं नवा फोन घेतला होता आणि त्यावर खातं उघडायचं होतं. दादा मोसंबीच्या बागेत होते. तिनं त्यांना फोन लावला, हात ओले म्हणून आवाज मोठा करून.

"ऐकलं का? आकडा आला का?"

"कोन बोलतंय?" तिकडून दादा.

"मी."

"मी कोन?"

"आता वळखू येइना का?"

"आवाजावर भरवसा न्हाई. पोरीनं सांगितलंय, नाव इचारल्याबिगर आकडा द्यायचा न्हाई."

काकूनं लाटणं खाली ठेवलं. आईनं माझ्याकडं रागानं बघितलं, जणू हे सगळं मीच शिकवलं होतं, आणि मग सासरचं नाव सांगितलं.

"चूक," दादा म्हणाले. "हे तर म्याच ठिवल्यालं. दुकान ज्याच्या नावावर हाय, त्यालाच आकडा."

आईनं फोन जवळ ओढला. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि हळूच माहेरचं नाव सांगितलं.

मग दादांनी ते नाव घेतलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, सावकाश, एकेक अक्षर नीट, जसं कुणी ताटातल्या तांदळावर लिहावं. म्हणाले, "बराबर हाय. आता आकडा लिव्हून घे." आणि एकेक आकडा सांगू लागले.

आईनं एकही आकडा लिहून घेतला नाही. ती फोन हातात धरून तशीच बसली होती, आणि काकू व मी तिच्याकडं बघायचं टाळत होतो. आकड्याची मुदत संपली. नवा मागवावा लागला आणि त्यासाठी परत फोन लावावा लागला. तिकडून परत तोच प्रश्न आला, कोन बोलतंय. या वेळी तिनं लगेच सांगितलं.